ख्रिस्तपुराणातील चौथा चरण

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातील मराठीच्या स्तुतीच्या चार ओव्या आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ मुलांना पाठ असतात. मात्र कार्यक्रमात त्या टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटल्या जातात आणि चौथा चरण गिळला जातो. एकदा तर कोणा हौशी सद्गृहस्थाने त्या चरणालाही यमक जोडून दिलेले आम्ही ऐकले. हेतू चांगला होता. ओवी मात्र उरली नव्हती.

ओवीची ठेवण साधी आहे. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी एकच यमक. चौथा चरण बहुधा आखूड, आणि त्याला यमक नाही. अक्षरसंख्येचेही कडक बंधन नाही. ज्ञानेश्वरीची ओवी हीच. इंग्लंडात जन्मलेला, १५७९ साली गोव्यात उतरलेला हा येशूसंघीय धर्मगुरू, १६१६ साली राशोल येथे छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथासाठी तीच पत्करतो. कारण हे पुराण भाविकांपुढे मोठ्याने वाचायचे होते. तीन यमके ऐकलेला कान चौथ्याची वाट पाहतो; ते येत नाही, आणि तेथे आलेला शब्द मनात ठसतो.

स्तुतीच्या ओव्यांत उपमा एकामागून एक येतात: रत्ने, फुले, सुवास, मग पक्षी, वृक्ष, शेवटी तारे आणि वार. ‘मध्ये’ या अर्थाचा शब्द टाळासारखा वाजत राहतो. तिसऱ्या चरणात दर खेपेस इतर भाषांचा उल्लेख. आणि चौथ्यात? मराठीचे नाव. दोन ओव्यांत तर त्या नावावाचून दुसरा शब्दच नाही. चारही ओव्यांत ते थोडे रूप बदलून येते, कधी साधे, कधी विभक्ती लागलेले. म्हणजे ज्या चरणाला स्वतःच्या ओवीत जोड नाही, त्याला ती शेजारच्या ओवीत मिळते. यमक एकेक ओवी बांधते, पुनरुक्ती चारही ओव्यांना. चौथ्याला यमक लावले की ते नाव गर्दीत हरवते.

कवी एकसुरीही होत नाही. तिसऱ्या ओवीत ‘जशी–तशी’ची जुळणी तो सोडून देतो. चौथीतला तिसरा चरण अंमळ लांबतो, आणि ठेका धरणाऱ्यांची तेथेच तारांबळ उडते. कोणी यास दोष म्हणेल. आम्हांस ती नावापूर्वी घेतलेली दीर्घ दमछाट वाटते.

मुलांकडून पाठांतर करून घेणाऱ्या शिक्षकांस आमची विनंती अशी: टाळ्या थांबवाव्यात, तिसऱ्या चरणानंतर क्षणभर विराम घ्यावा, आणि मग ते नाव सावकाश म्हणवून घ्यावे.