जनरल इव्होल्गिनचे असत्य

असत्य बोलणारा सत्य जाणतो आणि लाभासाठी ते लपवितो, ही सामान्य समजूत नीतिशास्त्राला पुरते. कादंबरीकाराला पुरत नाही. १८९१ मध्ये आंटोन डेलब्रुक या मानसचिकित्सकाने काही रुग्णांच्या निरीक्षणावरून ‘स्यूडोलॉजिया फँटास्टिका’ ही संज्ञा योजिली. या रुग्णांच्या बोलण्यात घडलेले आणि कल्पिलेले यांची सरमिसळ असे, आणि बोलणारा स्वतःच्या कथेवर अर्धामुर्धा विश्वास ठेवीत असे. त्यापूर्वी वीसहून अधिक वर्षे, १८६८-६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इडियट’मध्ये, दस्तयेव्हस्कीने हाच मनुष्य जनरल इव्होल्गिनच्या रूपाने उभा केला होता.

इव्होल्गिन निवृत्त, मद्यासक्त आणि कर्जबाजारी आहे. आगगाडीच्या खिडकीतून एका स्त्रीचे कुत्रे आपण फेकून दिल्याची कथा तो रंगवितो. हीच हकीकत वृत्तपत्रात वाचल्याचे सांगून नस्तास्या फिलिपोव्हना त्याला उघडा पाडते. पुढे, १८१२ साली मॉस्कोत आपण नेपोलियनच्या सेवेतील बालक होतो आणि सम्राट आपला सल्ला घेत असे, असे तो प्रिन्स मिश्किनला सांगतो. त्याचे वय पाहता त्या वर्षी तो फार तर तान्हे मूल असेल.

या असत्यातून त्याला काय मिळते? धन नव्हे. ज्याचे घरात कोणी ऐकत नाही, तो आपले ऐकणारा सम्राट निर्माण करतो. मिश्किन त्याला अडवीत नाही, सहृदयतेने ऐकून घेतो. आणि त्याच संध्याकाळी जनरल पत्र लिहून त्याच्याशी संबंध तोडतो. उघडे पडणे जितके अपमानास्पद, तितकीच ही दयाही त्याला असह्य होते, कारण मनाच्या कोपऱ्यात तो सत्य जाणून असतो. थोड्याच काळात भर रस्त्यात त्याला पक्षाघाताचा झटका येतो.

गोगोलच्या १८३६ मधील ‘इन्स्पेक्टर जनरल’ नाटकातील ख्लेस्ताकोव्ह थापा मारून पसार होतो. इव्होल्गिनला आपल्या थापांसह, मुलाबाळांच्या देखत, जगावे लागते. म्हणून त्याला केवळ विनोदी पात्र मानणे अपुरे आहे, आणि रोगाचे नाव देऊन प्रकरण मिटविणेही तितकेच अपुरे. आजच्या प्रमाणित निदानसूचींतही या लक्षणाला स्वतंत्र विकाराचे स्थान नाही.

अनुवादकापुढे हा प्रश्न शब्दाच्या रूपाने येतो. रशियन भाषेत ‘लोझ’ म्हणजे जाणूनबुजून केलेली फसवणूक. ‘व्रान्यो’ म्हणजे बोलण्याच्या भरात रचलेले असत्य. या दुसऱ्यावर दस्तयेव्हस्कीने १८७३ मध्ये स्वतंत्र लेखही लिहिला. मराठीत ‘खोटे’ म्हटले की अपराध येतो. ‘लोणकढी थाप’ म्हटले की रंगत येते, वेदना निसटते. ‘मिथ्याभाषण-विकार’ म्हटले की खोलीत वैद्य शिरतो. त्यातल्या त्यात ‘बाता’ हा शब्द जवळचा. तो बोलणाऱ्याला दोषी ठरवीत नाही, रोगीही ठरवीत नाही. कादंबरीने जो निवाडा वाचकावर सोपविला आहे, तो अनुवादाने शब्दकोशातून परस्पर देऊन टाकू नये.