अविश्वासाचा ठराव आणि त्याची वेळ
नवी मुंबई महानगरपालिकेने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा अविश्वासाचा ठराव २५ ऑक्टोबर २०१६ रोजी १०४ विरुद्ध ६ मतांनी संमत केला. पाच-अष्टमांश सभासद अनुकूल असल्यास शासनाने आयुक्तास परत बोलावलेच पाहिजे, असा अधिनियमाचा दंडक. १११ सभासदांत ७० मते पुरेशी होती. तरीही शासनाने ठराव निलंबित केला. अक्षरापेक्षा येथे काळाचेच बळ अधिक ठरले, असे म्हणावे लागते. नगरसेवकांची निवडणूक २०१५ सालीच आटोपलेली. मतदाराचा धाक त्यांना तूर्त नव्हता. राज्यातील सत्ताधारी पक्षापुढे मात्र फेब्रुवारी २०१७ च्या मुंबई-ठाण्याच्या निवडणुका होत्या. कठोर म्हणून गाजलेल्या अधिकाऱ्यास तेव्हा हटविणे त्यास परवडणारे नव्हते. मतदान उरकले आणि मार्चमध्ये, ऐन अंदाजपत्रकाच्या हंगामात, मुंढे यांची बदली झाली. सभागृहाला हवे होते तेच घडले. पण सभागृहाच्या मताने नव्हे.