रामशास्त्र्यांच्या निकालाची बजावणी

माझे वडील दिवाणी न्यायालयात बेलिफ होते. हुकूमनाम्याची नक्कल घेऊन आनंदाने घरी निघालेल्या पक्षकाराला ते म्हणत, ‘खरा दावा आता सुरू होईल.’ म्हणजे दरखास्त. निकाल मिळणे वेगळे आणि त्याची बजावणी होणे वेगळे, हे कायद्याची पुस्तके वाचण्याआधी मी घरातच ऐकले. न्यायसंस्थेवरचे काहीही वाचताना म्हणूनच माझा पहिला प्रश्न असतो : बजावणी कोणी केली?

हा प्रश्न मी आपल्या सर्वांत लाडक्या न्यायाधीशाला मात्र कधी विचारला नव्हता. न्यायाच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की मराठी वक्ता रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेतोच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबुवांनी चौकशी केली, राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हा प्रसंग रंगवून सांगितला आहे.

त्यातला ‘प्रायश्चित्त’ हा शब्द आपण फार सहज ओलांडून जातो. प्रायश्चित्त म्हणजे शिक्षा नव्हे. शिक्षा राजा देतो आणि त्याची माणसे ती अमलात आणतात. प्रायश्चित्त शास्त्री सांगतो आणि पापी माणसाने ते स्वतः घ्यायचे असते. राघोबादादा तेव्हा स्वतःच पेशवे होऊ घातलेले. म्हणजे आरोपी तोच, शासन तेच आणि बजावणी करणाराही तोच. न्यायाधीशाच्या हाती उरली ती स्वतःची नोकरी, ती त्यांनी सोडली. पुढे राघोबांची सत्ता उलथली ती बारभाईंच्या कारस्थानाने, न्यायासनामुळे नव्हे. आणि शेवट? १७८२ च्या सालबाईच्या तहात राघोबांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली. ‘देहांत प्रायश्चित्ता’ची ही बजावणी.

शास्त्रीबुवांचे धैर्य यामुळे तिळभरही कमी होत नाही. पण या गोष्टीला आपण स्वतंत्र न्यायसंस्थेची गोष्ट म्हणतो, तिथे माझी अडचण आहे. ही तिच्या अभावाची गोष्ट आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ चे. आदल्याच वर्षी, २२ जुलै १९०८ ला, न्यायमूर्ती दावर यांनी लोकमान्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली होती. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते! टिळक मंडालेत असताना त्यांच्याच ‘केसरी’तल्या सहकाऱ्याने सत्ताधीशाला तोंडावर खुनी म्हणणारा न्यायाधीश रंगभूमीवर आणला, तेव्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहिले असेल, हे वेगळे सांगायला नको. त्या काळाला तसा पुरुष हवा होता. १९४४ साली ‘प्रभात’ने ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला, गजानन जागीरदारांचा शास्त्री घरोघरी पोहोचला आणि ती मूर्ती कायमची घट्ट झाली. खाडिलकरांवर माझा आक्षेप नाही. त्यांच्यानंतर शंभर वर्षे आपण त्याच प्रवेशावर पडदा पाडत आलो, त्यावर आहे.

कारण गोष्ट तिथे संपत नाही. बारभाईंच्या कारभारात रामशास्त्री पुण्याला परत आले आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यायाधीशपदावर राहिले. त्याच पुण्यात १७७७ पासून कोतवाल कोण होता? घाशीराम सावळादास. म्हणजे न्यायनिष्ठेचा मराठी आदर्श आणि पोलिसी जुलमाचा मराठी दाखला हे दोघे काही वर्षे एकाच गावात, एकाच नाना फडणिसांच्या कारभारात नांदत होते. हे लक्षात आले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. दोन्ही तारखा मला वर्षानुवर्षे पाठ होत्या, पण कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

कोतवालीकडे नुसता बंदोबस्त नव्हता. पकडायचे तिने, किरकोळ गुन्ह्यांची चौकशी तिने करायची आणि दंडही तिनेच वसूल करायचा. विद्वान न्यायाधीश वर असूनही खालचा माणूस कोतवालाच्याच हाती सापडे. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाला तापल्या गोळ्याचे दिव्य करावे लागते, आरोप, पुरावा, निवाडा सगळे कोतवालाच्या एका चौकात. त्या नाटकात रामशास्त्री नाहीत. ‘भाऊबंदकी’त घाशीराम असण्याचे कारणच नाही, तो काळ आधीचा. पण तेंडुलकरांना शास्त्री सहज आणता आले असते. ते आले नाहीत यात मला नाटककाराची नजर दिसते : त्या चौकात न्यायाधीशाला वाटच नव्हती. घाशीरामाचा अंतही न्यायालयात झाला नाही. १७९१ मध्ये जमावाने त्याला दगडांनी ठेचले.

इंग्रजी अमलात कोतवालाच्या जागी कलेक्टर आला. महसूल त्याचा, पोलिसांवर देखरेख त्याची आणि मॅजिस्ट्रेटही तोच. हे अधिकार वेगळे करा, ही काँग्रेसची मागणी १८८६ पासूनची. ती संविधानाच्या कलम ५० मध्ये आली, आणि मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्ये कायदा केला. घाशीरामाला खरे उत्तर मिळाले ते या रुक्ष कायद्यातून. त्यावर कुणी नाटक लिहिले नाही, लिहिणारही नाही.

एप्रिल १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांनी राजीनामे दिले. आणीबाणीत सरकारने डांबलेल्यांना न्यायालयाचे दारच बंद आहे, असे चौघांनी १९७६ मध्ये म्हटले तेव्हा एकट्या खन्नांनी विरोधी मत लिहिले. पुढच्या जानेवारीत त्यांनाही डावलले आणि तेही बाहेर पडले. हे चौघेही रामशास्त्र्यांच्याच वाटेने गेले, असे म्हणता येईल. पण १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही न्यायालयात मागता येईल, असे कलम ३५९ मध्ये घातले गेले. वाईजवळच्या खेड्यातून परतलेल्या शास्त्रीबुवांना पुण्यात अशी एकही ओळ लिहिलेली सापडली नसती. त्यांना तिथे सापडला तो घाशीराम.