हारामागचा माणूस

कवठे महांकाळच्या मुलुखात कलावंताची पहिली ओळख होते ती जत्रेत. कवलापूरच्या काळू-बाळूंचे नाव निघाले, की वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर आजही हसू उमटते. परंतु कलावंत गेला, की आपण त्याच्या छायाचित्राला हार घालतो आणि त्या हारामागे माणूस दिसेनासा होतो. कलावंतांवरील पुष्कळसे माहितीपटही अशा हारांसारखेच असतात. जन्म, पुरस्कार, थोरामोठ्यांचे गौरवोद्गार, की झाले चरित्र पुरे! आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा याला ठळक अपवाद आहे.

त्याच्या केंद्रस्थानी आहेत शाहीर विलास घोगरे. पटवर्धन यांच्याच ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात त्यांचा आवाज आपण ऐकतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला; त्यात १० जण मृत्युमुखी पडले. त्या दुःखाने घोगरे यांनी काही दिवसांतच आपले जीवन संपविले. पटवर्धन पुढे १४ वर्षे चित्रण करीत राहिले.

संतपदाच्या चौकशीत पूर्वी ‘सैतानाचा वकील’ नेमला जात असे, हे आपणांस ठाऊक आहे. उमेदवाराच्या विरोधात जे जे सांगता येईल ते मांडणे, हे त्याचे काम. १९८३ च्या सुधारणेने त्याची जुनी भूमिका संपली. पण चरित्रकाराला या वकिलाची गरज अजूनही आहे. येथे तो आढळतो. घोगरे डाव्या चळवळीचे शाहीर होते, आणि त्यांच्याच संघटनेने त्यांना दूर केले होते. अखेरच्या क्षणी त्यांनी डोक्याला निळे कापड बांधले होते. डाव्या विचारांशी जवळीक असूनही दिग्दर्शकाने ही बोचणारी गोष्ट झाकलेली नाही. गोळीबाराच्या समर्थनार्थ पुढे केलेली टँकरची हकीकतही तो पुराव्यानिशी तपासतो.

उणीव नाही असे नाही. सुमारे तीन तासांच्या या प्रवासात कबीर कला मंचाच्या शीतल साठे यांच्यासारखे नव्या पिढीचे गायक भेटतात. परंतु घोगरे मात्र मधल्या काळात दूर जातात. घरातला, मित्रांतला माणूस आणखी दिसायला हवा होता, ही रुखरुख राहते.

जब्बार पटेल यांचा ‘हंस अकेला’ (२००५) शेजारी ठेवला, तर फरक कळतो. कुमार गंधर्वांचे सूर आणि क्षयाने हिरावलेली त्यांची वर्षे मनाला भिडतात. तोही अवश्य पाहावा. मात्र त्याची दृष्टी भक्ताची आहे, पटवर्धनांची साक्षीदाराची.

आपल्या घरांत हा माहितीपट मोठ्या मुलांसह पाहावा, आणि नंतर दूरदर्शन संच बंद करून थोडे बोलावे. ज्याने दुसऱ्यांच्या दुःखाची गाणी गायिली, त्याचे दुःख ऐकायला कोणी का नव्हते? शाहिराला टाळ्या देणारे गाव त्याच्या पडत्या काळात त्याच्या दारी जाते का? हा प्रश्न केवळ घाटकोपरचा नाही. आपल्या जत्रांत गाऊन गेलेल्या आणि आज विस्मृतीत पडलेल्या कलावंतांच्या दारापर्यंत तो येऊन थांबतो.