‘परत मिळतो’ हा निकष किती खरा?

भौतिक आणि रासायनिक बदलांचा तक्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. भौतिक बदल तात्पुरता, मूळ पदार्थ परत मिळतो; रासायनिक बदल कायमचा, मूळ पदार्थ परत मिळत नाही. वर्षानुवर्षे हा तक्ता फळ्यावर लिहिला जातो आणि परीक्षेत ‘वर्गीकरण करा’ म्हणून विचारला जातो. यातील ‘नवीन पदार्थ तयार झाला का?’ हा निकष योग्यच आहे. बाकीचे मात्र तपासून पाहायला हवेत, आणि त्यासाठी कोपरगाव तालुक्याइतकी चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण.

कोळपेवाडीच्या साखर कारखान्यात ऊस गव्हाणीत पडतो, रस आणि चिपाड वेगळे होतात. हा बदल भौतिक. पण त्यातून पुन्हा ऊस मिळत नाही. उलट रस शुद्ध करायला लागणारा चुना पाहा. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो, त्यात पाणी घातले की विरलेला चुना, आणि त्यावर कार्बन डायऑक्साइड सोडला की पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट! तिन्ही बदल रासायनिक, तरी मूळ पदार्थ परत आला. साकरवाडीला अल्कोहोलपासून इथिल ॲसिटेट बनते. अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्ल यांची ही अभिक्रियाही दोन्ही दिशांनी चालते. म्हणजे ‘तात्पुरता-कायमचा’ हा निकष दोन्ही बाजूंनी फसतो.

रंग बदलणे, वायू निघणे, उष्णता निर्माण होणे या खुणांचेही तसेच. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील सुक्रोजचे पाण्याशी अभिक्रिया होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनते. रंग तोच, रस गोडच. डोळ्यांना काही कळत नाही. पण या साखरेचे दाणे पडत नाहीत, उतारा घटतो, आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला असल्याने झळ शेतकऱ्याला बसते. हा बदल पकडतो तो कारखान्याच्या प्रयोगशाळेतील ध्रुवणमापी. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, तर हे नवे मिश्रण डावीकडे. रस निर्वात कढईत कमी तापमानाला का आटवतात, याचेही उत्तर इथेच आहे. बाष्पीभवन आणि स्फटिकीभवन हे भौतिक बदल साधायचे, पण उष्णतेने साखर बिघडण्याचा रासायनिक बदल टाळायचा.

वर्गात एक प्रयोग करता येईल. साखरेचे द्रावण दोन परीक्षानळ्यांत घ्या. एकीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाका. दोन्ही नळ्या दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा. आम्ल खाण्याच्या सोड्याने उदासीन करा आणि दोन्हींत बेनेडिक्टचे द्रावण घालून पुन्हा तापवा. आम्ल घातलेल्या नळीत विटकरी साका येईल. दुसरीत द्रावण निळेच राहील. तोवर दोन्ही नळ्या सारख्याच दिसत होत्या, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्या.

प्राथमिक वर्गांना सोपा तक्ता हवा, हे मान्य. पण तो शेवटचा शब्द ठरू नये. परीक्षेत ‘बदल भौतिक की रासायनिक?’ एवढेच न विचारता ‘कशावरून?’ हेही विचारावे आणि गुण त्या उत्तराला द्यावेत. नाहीतर उसाच्या फडाशेजारी वाढलेला विद्यार्थी तक्ता बिनचूक लिहील, पण ऊस वेळेत गाळायला का गेला पाहिजे, हे त्याला सांगता येणार नाही.