वनआवरण म्हणजे अधिवास नव्हे

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात की पहिलं वाक्य बहुधा असं येतं: 'भारताच्या २१.७६ टक्के भूभागावर वनआवरण आहे.' आकडा बरोबर आहे, भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालातलाच. पण त्याला जोडून 'म्हणजे प्राणी-वनस्पतींना एवढा अधिवास उरला आहे' असं लिहिलंत, तर गडबड झालीच म्हणून समजा.

आधी व्याख्या वाचा. किमान एक हेक्टर जागा आणि तिथे झाडांच्या छत्राची घनता किमान १० टक्के, एवढ्या दोनच अटी. जमीन कोणाची, झाडं कुठली, हे बघितलं जात नाही. त्यामुळे देवराई आणि शेजारची काजूची बाग दोन्ही एकाच बेरजेत जातात.

आता कोकणातल्या महाधनेशाच्या नजरेने बघा. त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. जुन्या, जाडजूड झाडाची नैसर्गिक ढोली लागते. मादी आत बसून तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून वड-उंबराची फळं भरवतो. अशी झाडं गेली आणि तिथे बाग उभी राहिली, तर उपग्रहाला छत्र दिसेल, पण धनेशाचं घर गेलेलं असेल.

अहवाल खोटा आहे, असं माझं म्हणणं नाही. १९८७पासून साधारण दर दोन वर्षांनी तो निघतो आणि व्याख्या उघडपणे छापतो. माझा आक्षेप मुख्य आकड्यावर आहे. एकीकडे जुनं जंगल तुटलं, दुसरीकडे तेवढीच लागवड वाढली, तर निव्वळ बदल शून्य दिसतो. 'अति दाट' हा वर्गही फार मदत करत नाही, कारण तोसुद्धा ७० टक्क्यांवरचं छत्रच मोजतो.

मग करायचं काय? नकाशा टाकून देऊ नका. कुठे जायचं हे ठरवायला तो उत्तम आहे. पण प्रश्न अधिवासाचा असेल तर रानात उतरून झाडांच्या जाती, खोडांचा घेर, ढोल्या, वठलेली झाडं, पालापाचोळा आणि खाली उगवलेली रोपं मोजावी लागतील. आणि आराखड्यात स्पष्ट लिहा: 'हा आकडा वृक्षछत्राचा आहे, अधिवास मी स्वतंत्रपणे मोजणार आहे.'