रेषांविना वर्णपट

चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीनं २००१ साली टिपलेला एक वर्णपट मी पुन्हा पुन्हा काढून पाहतो. दक्षिण मुकुट तारकासमूहातल्या ‘आरएक्स जे१८५६.५-३७५४’ या एकाकी न्यूट्रॉन ताऱ्याचा. एक वक्र चढतो, माथा गाठतो आणि उतरतो. मध्ये एकही खाच नाही, एकही सुळका नाही. पहिल्या नजरेत इथे काही घडतच नाही असं वाटतं. मला तर त्याची सगळी गोडी तिथेच दिसते.

हा तारा १९९६ मध्ये जर्मन उपग्रह रोसाटच्या निरीक्षणांतून पुढे आला. त्याला जोडीदार नाही, स्फोटाचे अवशेष भोवती नाहीत, रेडिओ स्पंदनंही सापडलेली नाहीत. जोडताऱ्यात वरून कोसळणाऱ्या वायूचा लखलखाट पृष्ठभाग झाकून टाकतो. इथे तो पडदाच नाही. येतं ते फक्त जन्मापासून उरलेल्या उष्णतेचं तेज. तापमान सुमारे ७ लाख अंश, म्हणून ते तेज मुख्यतः क्ष-किरणांत. आपलं वातावरण ते वरच्या वर शोषून घेतं, त्यामुळे वाचन अंतराळातूनच करावं लागतं. चंद्रा दुर्बिणीनं सोन्याच्या बारीक तारांच्या जाळीतून, मिलिमीटरमागे सुमारे हजार तारा, हे किरण तरंगलांबीनुसार पसरवले आणि एकूण ५ लाख सेकंद त्यांची वाट पाहिली.

अपेक्षा होती शोषणरेषांची. ताऱ्यावर वातावरण असेल तर त्यातले अणू आपापल्या खुणा उमटवणार, त्यांवरून द्रव्य कोणतं ते कळणार, गुरुत्वानं रेषा किती सरकल्या ते मोजून घनतेचाही अंदाज येणार. रेषाच नाहीत! आदर्श कृष्णवस्तूचा म्हणावा इतका गुळगुळीत वक्र. हे मौन जाणकारांना चक्रावून गेलं. पृष्ठभाग बलाढ्य चुंबकक्षेत्रानं घट्ट गोठलेला असावा, वर हायड्रोजनचा अतिशय पातळ थर असावा, असं एक वाचन आज बऱ्यापैकी पटतं.

तापमान, तेज आणि अंतर कळलं की आकार निघतो. या हिशोबानं २००२ मध्ये त्रिज्या ४ ते ८ किलोमीटरच्या आसपास निघाली. न्यूट्रॉन ताऱ्यासाठी हे फारच कमी, म्हणून हा आणखी दाट, न्यूट्रॉनांच्या आतल्या सुट्या क्वार्कांचा तारा तर नव्हे, अशी बातमी जगभर झाली. पण हबलनं दृश्य प्रकाशात पाहिलेला हाच तारा क्ष-किरणांच्या वक्रावरून अपेक्षित असलेल्या तेजाच्या सहा-सात पट उजळ होता. म्हणजे क्ष-किरणांत चमकणारा भाग केवळ ऊन डाग असू शकतो, बाकीचा थोडा थंड पृष्ठभाग त्यांत दिसतच नाही. अंतराचा आकडाही सुधारत गेला: आधी सुमारे २०० प्रकाशवर्षं, मग जवळजवळ दुप्पट. क्वार्कची घाई मला समजते, ती मोहक होती. पण एकाच तरंगपट्ट्यावरून ताऱ्याचं माप काढणं हे अर्धीच ओळ वाचून अर्थ लावण्यासारखं होतं.

मग तारा डागाळलेला असेल तर फिरताना त्याचं तेज कमीजास्त व्हायला नको का? चंद्रा दुर्बिणीला ते सापडलं नव्हतं. २००७ मध्ये एक्सएमएम-न्यूटन या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांत ७.०५५ सेकंदांचं स्पंदन हाती लागलं. चढउतार जेमतेम सव्वा टक्क्याचा! मला या आख्ख्या कथेतला सर्वांत सुंदर क्षण हाच वाटतो. जो वर्णपट इतका निश्चल भासला, त्यामागे एक तारा सात सेकंदांत गिरकी घेत होता.

चिलीतल्या ‘व्हीएलटी’ दुर्बिणीनं या ताऱ्याच्या दृश्य प्रकाशात सुमारे १६ टक्के ध्रुवीकरण मोजल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. प्रखर चुंबकक्षेत्रात निर्वातदेखील प्रकाशावर परिणाम करतं, हे १९३० च्या दशकातलं हायझेनबर्ग आणि ऑयलर यांचं भाकीत त्यातून डोकावतं. निर्णायक पुरावा क्ष-किरणांतच मिळेल. मात्र २०२१ मध्ये सोडलेली ध्रुवीकरण मोजणारी आयएक्सपीई दुर्बीण ज्या ऊर्जेचे किरण पाहते, त्यांहून या ताऱ्याचे किरण पुष्कळ सौम्य आहेत. त्यासाठी मृदू क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजणारी दुर्बीणच हवी.